सिलिंडरवरचं दव

जळगावच्या आमच्या कॉलेजात सामानाच्या याद्या मी ठेवते, त्यामुळे वर्कशॉपच्या फिटरभाऊंशी रोजचं बोलणं. ते कुठल्याही गरम नळीजवळ आधी तळहात धरतात, मगच तोंड उघडतात.

छोट्या गॅस टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या गरम हवेत त्यांनी एक नळी बसवली. तिच्यात गॅस आणि वाफ एकत्र तापतात, गॅसचं रूप बदलतं आणि वाया जाणारी उष्णता इंधनातच साठून परत टर्बाइनमध्ये येते. 

चाचणीत गॅसची बचत दिसली नाही तर यंत्र भंगारात जाणार होतं. त्या दमट सकाळी काट्यावर सिलिंडरचं वजन जेमतेम घटलं, म्हणजे गॅस फारच कमी लागला. प्राचार्यांनी टाळ्या वाजवल्या. भाऊ मात्र सिलिंडरकडे बघत होते. गॅस ओढल्यानं तो गार पडला होता आणि त्यावर दव जमलं होतं.

"थांबा सर, हाई बठ्ठी बचत आपली नही शे. पानीनंबी वजन शे."

त्यांनी गमछ्यानं सिलिंडर कोरडा पुसला. काटा उतरला, बचत निम्मीच राहिली.

"भाऊ, गप बसला असता तर?" मी कुजबुजले.

"आते लिखा, अक्का."

मी लिहिलं. प्राचार्यांनी आकडा दोनदा वाचला, मग भाऊंकडे पाहिलं.

"यंत्र राहू द्या," ते म्हणाले. "आणि यापुढची वजनं यांनीच करायची."