ताईच्या विहिरीतलं शिसं

हातमोजे काढले ही माझी चूक. एवढं वाक्य लिहायला मला वर्ष लागलं, म्हणून आधी तेच लिहून टाकते. आता पुढचं सोपं जाईल.

मी देवासच्या एका प्रयोगशाळेत काम करते. पाणी, धान्य, भाजी, हळद, मसाले, जे समोर येईल त्यात शिसं, आर्सेनिक असले डोळ्यांना न दिसणारे धातू आहेत का, असतील तर किती, हे मोजायचं. अर्धं आयुष्य यात गेलं. त्यामुळे नातेवाईक मला जेवायला बोलवायला बिचकतात. एका लग्नात मी जिलबीच्या रंगाकडे नुसतं पाहिलं, तर वाढणाऱ्यानं ताट मागे घेतलं. त्यात स्वभाव तापट. नवीन मुलींनी बाटली धुताना जरा हयगय केली की मी आकाशपाताळ एक करते. "पाणी खोटं बोलत नाही, आपले हात बोलतात," हे माझं ठरलेलं वाक्य. मुली माझ्या पाठीमागे माझ्याच आवाजात ते म्हणून दाखवतात, हेही मला ठाऊक आहे.

त्या वर्षी आम्ही देवास आणि धार या दोन जिल्ह्यांतल्या विहिरी तपासत होतो, इकडे कन्नौद तर तिकडे निसरपूर. धार गावातल्या विहिरींची यादी निघाली तेव्हा मी हात वर केला. धारला माझी थोरली बहीण राहते. चैत्र चालू होता, तिच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. काम होईल आणि वाटली डाळही मिळेल, असा सरळ हिशेब. शिवाय ताईच्या परसातली विहीर यादीत होतीच.

ही विहीर म्हणजे ताईचा अभिमान. नळ कोरडे पडले की अख्खी गल्ली तिच्या परसात बादल्या घेऊन उभी राहते आणि ताई रहाटाजवळ राणीसारखी उभी असते. लग्नानंतर आठ वर्षांनी तिच्या सुनेला दिवस गेले, तेव्हा ताईनं पहिली गोष्ट काय केली असेल, तर स्वयंपाकघरातलं पाणी शुद्ध करायचं यंत्र बंद केलं. सून कन्नौदची, शाळेत शिकवते, हिंदीतच बोलते. ते यंत्र तिनंच हौसेनं बसवून घेतलं होतं. ताई म्हणाली, "मशीनचं पाणी मेलेलं असतं. माझ्या नातवंडाला विहिरीचं जिवंत पाणी मिळायला हवं." सून शहाणी. "ठीक है मम्मीजी," म्हणाली आणि विहिरीचं पाणी पिऊ लागली.

मी पोहोचले तेव्हा तिला सातवा सुरू होता.

दुपारची वेळ. खांद्यावर बाटल्यांची पेटी, हातात रबरी मोजे. सकाळीच रस्त्यातल्या एका खेड्यात दोन विहिरी करून आले होते. तिथेच आमचा नेहमीचा पडताळाही केला होता. म्हणजे असं की, प्रयोगशाळेतून नेलेलं शुद्ध पाणी विहिरीशेजारी उघडायचं, दुसऱ्या बाटलीत ओतायचं आणि परत आणून तपासायचं. त्यात काही सापडलं तर समजायचं की घाण विहिरीची नाही, आपली आहे. खरं तर हे प्रत्येक ठिकाणी करायचं असतं. पण ताईच्या घरी कसली आली घाण, असं म्हणून मी तिथे ते केलं नाही.

ताईनं दारातच माझे हात पाहिले.

"हे काय गं? माझ्या विहिरीला हात लावायला मोजे? मढं फाडायला आलीस का?"

"अगं, नियम असतो."

"नियम तिकडे देवासला. सवाशीण बाई चैत्रात दारी आली, तिला मी आधी कुंकू लावू की मोजे बघू? काढ ते."

मी हसले आणि मोजे काढले. ताईनं मला हळदीकुंकू लावलं. आपल्यात उलट लावायची रीत आहेच. मी तिच्या करंड्यात बोट बुडवून तिला लावलं, मग तिच्या दोन शेजारणींना लावलं. सुनेच्या कपाळावर टिकली होती. तिच्यावरून ताईनं नेहमीचं पुराण लावलं, "बघ, सणासुदीलासुद्धा ही चिकटवलेली टिकली. कुंकू म्हटलं की हिला खाज सुटते." सून मला हळूच म्हणाली, "मौसीजी, सच में खुजली होती है." ताईनं ओटीत भिजवलेले हरभरे घातले, डाळ वाढली, वर विहिरीच्या पाण्याचं गार पन्हं दिलं. मी दोन पेले प्यायले. मग पदराला बोटं पुसली आणि परसात जाऊन दोन बाटल्या भरल्या. तीनदा विसळून, काठोकाठ, आम्लाचे थेंब टाकून, झाकण घट्ट. मुलींना शिकवते तसं सगळं पायरी पायरीनं. फक्त मोजे ताईच्या ओसरीवर पडले होते.

चौथ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या मोजणीच्या यंत्रानं आकडा दाखवला, तेव्हा मला वाटलं यंत्र बिघडलंय. पुन्हा लावलं. पुन्हा तेच. ताईच्या विहिरीत शिसं होतं, आणि थोडंथोडकं नाही. पोटातल्या बाळाला शिसं काय करतं, ते मला पाठ आहे. शाळाशाळांतून मीच ते सांगत फिरते. मी भिंतीशी खुर्ची ओढून बसले.

आमच्याकडे नियम आहे, निकाल पक्का होईपर्यंत बाहेर बोलायचं नाही. मी जिन्यात जाऊन ताईला फोन लावला.

"ताई, विहिरीचं पाणी बंद कर. आत्ताच्या आत्ता. सूनबाईला एक घोटही देऊ नकोस."

"का? मेलं काही पडलं का त्यात?"

मी सांगितलं. सगळंच सांगितलं, शिसं बाळाच्या मेंदूला काय करतं तेसुद्धा. गप्प बसणं मला कधी जमलंच नाही. मग ताई एवढंच म्हणाली, "मी पाजलं तिला. मशीन मी बंद केलं."

पुढचे दहा दिवस आमच्या घरांत कुणाला काही सुचलं नाही. भावजींनी, म्हणजे ताईच्या यजमानांनी, माघात विहिरीवर मोटर बसवली होती. शिसं त्या मोटरीतूनच आलं म्हणत ताईनं सगळा राग तिच्यावर काढला आणि मग भावजींशी बोलणं टाकलं. विहिरीवर पत्रे टाकले. गल्लीत बातमी पसरली, तसे लोक बादल्या घेऊन येईनात, आणि आले तरी विचारायला येत, "आम्हाला पण होईल का काही?" सुनेचं रक्त तपासायला इंदूरला पाठवलं. तिनं मला फोन करून सांगितलं, "मौसीजी, मम्मीजी खाना नहीं खा रहीं. मेरे सामने आती ही नहीं. आप कुछ बोलो ना." मी काय बोलणार? माझ्याच तोंडानं बोलून ठेवलं होतं. मी रोज कामावर येताजाता देवासच्या टेकडीकडे बघून तिथल्या देवीला म्हणत होते की माझं यंत्र खोटं ठरव. इतकी वर्षं काम करून मी यंत्र खोटं ठरावं म्हणून नवस बोलत होते, यावरून माझी काय दशा झाली असेल ते समजा.

शेवटी आमच्या सरांसमोर कागद ठेवला. सर माळव्यातलेच, शांत माणूस, आवाज चढवून बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. त्यांनी चष्मा वर केला आणि दोन आकड्यांवर पेन्सिल ठेवली.

"मैडम, दो बोतल, एक ही कुआँ, एक ही समय. और एक में दूसरी से चार गुना? ये आपने देखा नहीं?"

मी पाहिलं होतं. दोन्ही आकडे भयंकर होते, म्हणून त्यांच्यातला फरक मला दिसूनही दिसला नव्हता. एका विहिरीचं पाणी दोन बाटल्यांत असं वेगळं निघत नाही. हे मी एखाद्या नव्या मुलीला विचारलं असतं, आणि तिला उत्तर आलं नसतं तर दिवसभर तिची खरडपट्टी काढली असती.

"और ब्लैंक?" सरांनी विचारलं. ब्लँक म्हणजे तोच शुद्ध पाण्याचा पडताळा.

तो ताईच्या घरी केलाच नव्हता, हे मी सांगून टाकलं.

"फिर से जाओ. और इस बार बहन के घर नहीं, कुएँ पर जाना."

मी गेले. ताई बाहेर आली नाही. कुंकू नाही, पन्हं नाही, काही नाही. भावजींनी पत्रे बाजूला केले. मी दारातच मोजे चढवले ते परत बसमध्ये बसेपर्यंत काढले नाहीत. विहिरीचं पाणी वेगळं घेतलं, मोटरीचं वेगळं, शेजारी उभं राहून पडताळाही केला. ताईचं दार अर्धवट उघडं होतं आणि फटीतून तिची साडी दिसत होती. मी हाक मारली नाही. मारायचं धैर्यच झालं नाही.

दुसऱ्या दिवशी यंत्रासमोर बसले. विहीर, नाही. मोटर, नाही. पडताळा, नाही. शिसं नावालासुद्धा नव्हतं. मी तीन वेळा लावून पाहिलं आणि मग भर प्रयोगशाळेत रडले. मुलींना वाटलं घरचं कुणीतरी गेलं. त्याच दिवशी सुनेचा रक्ताचा अहवालही माझ्याकडे आला. डॉक्टर म्हणाले, चिंतेचं काही नाही.

पण सरांचं तेवढ्यानं समाधान झालं नाही. "तो पहली बोतल में आया कहाँ से?" त्यांना एवढंच हवं होतं.

मी त्या दिवसाची वही काढली. विहिरीवर उभं राहून लिहितो ती वही, पाण्यानं फुगलेली. ताईच्या विहिरीचं पान उघडलं, आणि कोपऱ्यात एक बोट उमटलेलं दिसलं. लालभडक, जरा केशरी छटेचं. माझंच बोट. पानं उलटताना पडलेलं.

त्या क्षणी मला हसू आलं की संताप, हे आजही सांगता येत नाही. खरं कुंकू हळदीचं. पण बाजारात मिळणाऱ्या भडक कुंकवात काहीजण शेंदूर मिसळतात, आणि शेंदूर म्हणजे शिशाचंच एक रूप. हे मी किती शाळांमध्ये फळ्यावर लिहून सांगितलंय! ताईच्या करंड्यातलं कुंकू त्या चैत्रासाठी नवीन पुडी फोडून भरलेलं होतं. मी कारण न सांगता मागितलं, तर भावजींनी ते चिमूटभर पुडीत बांधून त्याच संध्याकाळी ओळखीच्या बसवाल्याबरोबर पाठवलं. यंत्रानं ते पाहिलं आणि आकडा मावेना. बोटावरचा एक कण बाटलीच्या तोंडाला लागला असणार, दुसऱ्या बाटलीला त्याहून बारीक. बाकीचं काम आम्लानं केलं, त्यातलं शिसं पाण्यात विरघळवलं.

म्हणजे विहीर निर्दोष. मोटर निर्दोष. आणि जिच्या चिकटवलेल्या टिकलीवरून ताई सणासुदीला तोंड सोडत होती, त्या सुनेला त्या कुंकवाचं बोटही लागलं नव्हतं.

आता फोन करायचा होता. आनंदाची बातमी होती, तरी माझं बोट नंबरावर टेकेना. दहा दिवस मी बहिणीला जिवंतपणी जाळलं होतं. ती म्हणेल, पुन्हा माझ्या दारी येऊ नकोस, आणि तिचं बरोबरच असेल, असं मला वाटत होतं.

"ताई, विहीर चांगली आहे. सूनबाईचं रक्तही चांगलं आहे. चूक माझी. हात माझा होता." मग कुंकवाचं सगळं सांगितलं, एकही पायरी न गाळता.

शेवटी तिनं विचारलं, "म्हणजे मी पाजलं, ते पाणीच होतं?"

"पाणीच होतं, ताई."

मग ती रडली. मीही रडले. पलीकडे भावजी कुणालातरी सांगत होते, "अरे पत्रे काढो भिया, पत्रे काढो!" नाक ओढत ताई म्हणाली, "चुकलीस ना? अशीच चुकत जा बाई."

गल्लीतल्या घराघरांत जाऊन मी स्वतः माफी मागितली, आणि प्रत्येक घरातलं कुंकू चिमूटभर मागून आणलं. त्यातून आमचं एक वेगळंच काम सुरू झालं, ते अजून चालू आहे. प्रयोगशाळेत वहीतलं ते पान भिंतीला लावलंय. नवीन मुलगी आली की तिला आधी तेच दाखवते, आणि बोट कुणाचं तेही सांगते. माझा आवाज पूर्वीपेक्षा थोडा खाली आलाय, असं मुली म्हणतात. ताईनं ती पुडी आणि करंड्यातलं सगळं कुंकू माझ्या हवाली केलं. आता ती हळदीचं कुंकू घरी करते आणि दर वेळी बसवाल्याबरोबर पुडी पाठवून मला विचारते, "पास की नापास?"

यंदाच्या चैत्रात बाटल्यांची पेटी घेऊन पुन्हा गेले. सुनेच्या कडेवर दहा महिन्यांची मुलगी, टकामका बघणारी, समोर येईल त्याचे केस ओढणारी. स्वयंपाकघरात यंत्र चालू होतं. ताई म्हणाली, असू दे, तिच्या मनासारखं. मी पायऱ्या चढले तशी ती तबक घेऊन दारात आली. हळद, करंडा, अत्तर, गुलाबदाणी, आणि एका कडेला नीट घडी घालून ठेवलेले माझे रबरी मोजे. गेल्या वर्षी ओसरीवर विसरलेले. धुऊन, वाळवून तिनं वर्षभर जपून ठेवले होते.

मी करंड्याकडे हात नेला, तर तिनं तबक मागे घेतलं.

"आधी मोजे घाल," ताई म्हणाली. "आधी पाणी, मग कुंकू."