सुभेदारीण आक्कांची पेटी

"शनिवारचं आश्रमातलं भजन एवढं उरकू दे, मग पेटी माळ्यावर टाकू. कुणाला सांगू नकोस गं!"

आमच्या सासूबाई, म्हणजे आत्ती, शेजारच्या मालूताईंना सांगत होत्या. मी पडद्यामागं चहाचा ट्रे घेऊन उभी. नव्या सुनेला कानही असतात, हे या घरात अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

पेटी म्हणजे शहापुरातल्या आमच्या गल्लीच्या भजनी मंडळाची हार्मोनियम. ती वाजवायच्या सुभेदारीण आक्का. त्या गेल्यापासून दर गुरुवारी बायका जमतात, पेटीला हळदकुंकू वाहतात आणि झाकण कोण उघडतंय म्हणून एकमेकींकडं बघत बसतात. मग कुणीतरी म्हणतं, "आक्कांचं ते आठवतंय का गं?" झालं! भजन बाजूला राहतं आणि चहा गार होतो. निम्मं आयुष्य फौजेच्या क्वार्टरमध्ये आणि निम्मं लोकांच्या दारात काढलेल्या बाईचे किस्से साठणारच की.

* * *

आक्कांचे मालक, सुभेदार आप्पा, तेव्हा नोकरीत होते. कुठल्याशा डोंगरातल्या पोस्टिंगवर फॅमिलींचा कार्यक्रम होता. आक्कांनी अभंग सुरू केला. दुसऱ्याच ओळीला कर्नलसाहेबांच्या मिसेस उठून उभ्या राहिल्या. पायात गोळा आला होता बिचारीच्या! पण साहेबांची बायको उभी म्हटल्यावर बाकीच्या बसतील कशा? बघता बघता सगळा हॉल उभा.

आक्कांना वाटलं, अभंगाचा मान राखतायत. त्यांनी आणखी दोन घेतले!

आप्पा अजून म्हणतात, "पहाऱ्यावरबी एवढा वेळ उभा ऱ्हायलो न्हवतो."

* * *

गल्लीत आक्का रक्तदान शिबिर भरवायच्या. पुरुष मंडळी यायची, उपमा खायची, बॅनरपुढं फोटो काढायची आणि मागच्या दारानं सटकायची. पुढच्या वेळी आक्कांनी पेटी थेट मागच्या दारात मांडली.

"रक्त न देता जायाचं आसंल तर पाच अभंग ऐकून जायाचं."

पहिला सापडला आमचा दूधवाला. "आक्का, मला सुईची लई भीती वाटती!"

"व्हय? मग डोळं मिटून बस. करते सुरू."

दुसऱ्या अभंगाला तो आपणहून उठला आणि बाही वर करून पलंगावर जाऊन झोपला!

* * *

हा किस्सा माझ्या माहेरचा, निपाणीचा. काकांच्या घराची वास्तुशांत होती, सासरच्या मंडळींबरोबर आक्का-आप्पाही आले होते. निम्मे पाहुणे कन्नड बोलणारे, निम्मे मराठी. आक्का एक मराठी, एक कन्नड असं आळीपाळीनं गात होत्या. सगळं छान चाललेलं. पण दोन्हीकडचे आजोबा अडून बसले, शेवटचं गाणं आमच्याच भाषेतलं पाहिजे!

आक्कांनी दोघांकडं बघितलं आणि पंजाबी सुरू केलं. पोस्टिंगवर शिकलेलं. कुणालाच कळलं नाही, त्यामुळं कुणालाच राग आला नाही. दोन्ही आजोबा मांडीवर ताल धरून डोलत होते.

जेवताना आप्पांनी हळूच सांगितलं, "नवरीला सासरी धाडताना म्हणत्यात ते!"

* * *

लग्नानंतरच्या पहिल्या गुरुवारी आत्तींनी मला मंडळात नेलं. ओळख करून दिली ती अशी, "पोरगी गुणाची हाय, पण तोंडच उघडत न्हाय."

"बरं झालं," आक्का म्हणाल्या. "तोंडं हितं लई हाईत. हात हाईत न्हवं?"

त्यांचा डावा खांदा धरला होता. त्यामुळं त्यांनी मला पेटीच्या पलीकडं बसवलं आणि भाता माझ्या हातात दिला. पट्ट्यांवर बोटं त्यांची, हवा माझी. गल्लीला वाटायचं, सून नुसती बसलीय.

एकदा एका बारशात बाळाकडं बघता बघता माझा हात थांबला. भर गाण्यात पेटीचा जीव गेला. आक्का माईकवरनंच ओरडल्या, "अगं, बाळ कुठं पळून जातंय? आधी मला हवा दे!"

* * *

शनिवारी मच्छे गावच्या वृद्धाश्रमात गेलो. आक्का असताना दर महिन्याला जायचो. पेटी न्यायचीच नव्हती, पण रिक्षावाल्यानं सवयीनं उचलून ठेवली!

बायकांनी नुसत्या टाळांवर भजन सुरू केलं. मालूताई एका सुरात, आत्ती दुसऱ्या, बाकीच्या जिथं जागा मिळेल तिथं. पहिल्या रांगेतल्या एका आजींनी हात वर केला.

"पेटी का गं झाकून ठेवलीया?"

टाळ थांबले.

"वाजवणारी गेली, आजी," आत्ती म्हणाल्या. मालूताई खाली बघायला लागल्या.

मी सरकत पुढं गेले. पेटीचं झाकण काढलं, भात्याची कडी सोडली. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या.

"वाजवणाऱ्या आम्ही दोघी होतो, आत्ती," मी म्हणाले. "एकच गेलीय. या, हवा माझी, तुम्ही ही काळी चारची पट्टी दाबून धरा!"