ताकदीच्या गोळ्या

आमच्या गावात पोरगं सैन्यात जायच्या आधी फ्लेक्सवर जातं. भरतीत मी पळण्याची परीक्षा पास झालो आणि त्याच संध्याकाळी मुरगूडच्या रस्त्यावर, एसटीच्या थांब्याशेजारी माझा फ्लेक्स लागला. मेडिकल अजून व्हायचं होतं, पण फ्लेक्सवरचा मी पूर्ण गणवेशात सलाम ठोकत होतो. गणवेश छपाईवाल्याने संगणकावर चढवला होता, त्यामुळे मान जरा वाकडी बसली होती. खाली शुभेच्छुकांचे सत्तावीस फोटो होते. त्यातल्या तिघांनी मला शाळेत बडवलेलं आहे.

फ्लेक्स लागला म्हणजे सत्कार आलाच. देवळापुढे खुर्च्या मांडल्या, कर्णा चढवला, आणि आमचे शाळेतले निवृत्त मास्तर बोलायला उभे राहिले. मास्तरांच्या हातात माइक गेला की तो परत मिळवायला दोन माणसं लागतात. सुरुवातीला त्यांनी मला वाघ केलं, मग सिंह केलं, मग गाडी शाळेकडे वळली.

"तुम्हाला म्हाईतच हाय की," मास्तर गरजले, "सहावीत भर वर्गात आकडी आलती ह्याला! डोळं पांढरं, तोंडाला फेस. मी स्वतः कांदा फोडून नाकाला लावला. वाटलं, पोरगं गेलं आता. आज तेच पोरगं देशाच्या सीमेवर चाललंय! वाजवा टाळ्या!"

टाळ्या पडल्या. सवयीने मीही वाजवल्या. मग माझे हात थांबले, कारण ही बातमी मला नवीन होती.

मला आठवत होती ती उन्हाची चक्कर. शुद्धीवर आलो तेव्हा नाकाशी कांदा होता, चड्डी ओली होती आणि सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. 'उन्हाची चक्कर आलती' असं आईने सांगितलं आणि मी ते मानलं. तेव्हा जुलै चालू होता आणि गावाने आठ दिवस सूर्य पाहिला नव्हता, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

मास्तरांच्या हातून माइक काढून घेतला गेला आणि गावाची बैठक तिथेच उभ्या उभ्या भरली. ही गोष्ट गावाबाहेर जाता कामा नये, यावर सगळ्यांचं एकमत झालं. कर्ण्याचा आवाज शेजारच्या दोन वाड्यांपर्यंत जातो, याकडे कुणी लक्ष वेधलं नाही. भरतीची तयारी करून घेणारे आमचे अकॅडमीचे सर म्हणाले, "डॉक्टरनं इचारलं तर 'नो सर' म्हणायचं आणि छाती फुगवायची. डोक्यात कोण बघाय जातंय?"

आबांनी तर कायदाच काढला. "तुला सवताला आठवतंय का? न्हाय न्हवं? मग तू न्हाय म्हटलंस तर खोटं कुठं झालं?" माझे वडील वकील व्हायला हवे होते. बांधाच्या भांडणापलीकडे त्यांना कधी संधीच मिळाली नाही.

घरी आलो. आई भाकरी थापत होती. मी विचारलं, "सहावीत काय झालतं?"

तिने मान वर केली नाही. "एकदा न्हवं," ती म्हणाली. "तीनदा. पयल्यांदा दुसरीत, मग चौथीत, मग ती वर्गातली. त्याच्यानंतर न्हाय कधी."

"आणि त्या ताकदीच्या गोळ्या?"

"त्या त्याच्याच."

तीन वर्षं मी सकाळ-संध्याकाळ दुधाबरोबर ताकदीच्या गोळ्या खाल्ल्या होत्या. सैन्यात जायचं तर ताकद पाहिजे, असं आई म्हणायची आणि मी दंड फुगवून गावभर दाखवायचो. एकदा मोठ्या मनाने शेजारच्या मित्रालाही एक दिली होती. तो सबंध दिवस झोपला, आणि पुढे वर्षभर मी त्याला नाजूक म्हणून चिडवलं.

मग दुसरा धागा सुटला. आमच्या न्हाणीघराला कडी नाही. गंजून पडली, असं आई सांगायची, आणि आबांनी नवी आणली की ती हरवायची. शिवाय मी आंघोळीला गेलो की तिचा हुकूम यायचा, "गाणं म्हण रं, बरं वाटतंय ऐकाय." आईला माझा आवाज आवडतो, या भरवशावर मी शाळेच्या स्नेहसंमेलनात गायलो होतो. दुसऱ्या कडव्याला मला उतरवलं.

"आणि गाणं?" मी विचारलं.

"गाणं थांबलं की दार ढकलायचं. येवढंच."

मला एवढा राग आला की समोरची भाकरी मी ताटात तशीच ठेवली. माझ्या डोक्यात काय आहे ते सबंध गावाला ठाऊक, कांदा फोडणाऱ्या मास्तरांना ठाऊक, आणि डोकं ज्याच्या खांद्यावर आहे त्यालाच पत्ता नाही. मी आईला खूप बोललो. ती उठली, ट्रंकेच्या तळातून एक प्लास्टिकची पिशवी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. कोल्हापूरच्या डॉक्टरांचे सगळे कागद होते, हळदीचे डाग पडलेले.

"न्यायचं का न्हाय ते तुझं तू ठरीव," ती म्हणाली.

"मी तुलाच इचारतोय. सांगू का?"

तिने तव्यावरची भाकरी उलटली. "तिथं तुझ्या न्हाणीच्या दाराला कोण हुबं ऱ्हाणार हाय?"

मेडिकलला कोल्हापुरात आम्ही चड्ड्यांवर रांगेत उभे होतो. डॉक्टर प्रत्येकाला हिंदीत तेच विचारत होते, लहानपणी काही आजार, आकडी, बेशुद्धी? माझ्या पुढचे सगळे एकाच सुरात 'नो सर' म्हणाले. आमच्या जिल्ह्यात लहानपणी कुणाला साधं पडसंसुद्धा झालेलं नव्हतं. मला हे सैन्य हवं होतं. पाचवीपासून मला दुसरं काही नकोच होतं. आठ वर्षांत एकदाही काही झालेलं नव्हतं आणि कदाचित आयुष्यात पुन्हा होणारही नव्हतं. पण भरलेली रायफल घेऊन मी पहाऱ्यावर उभा आहे, मागे बाकीचे माझ्या भरवशावर झोपलेत, आणि कांदा घेऊन मास्तर कुठेच नाहीत, हे चित्र काही डोळ्यांपुढून हलेना.

"यस सर," मी म्हणालो, आणि काखेतली पिशवी पुढे केली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. कागद शांतपणे वाचले. "किसने बोला बताने को?"

"किसीने नहीं सर. पूरे गाँव ने मना किया है."

ते मोठ्याने हसले. हसता हसताच 'अनफिट' लिहिलं, मग उठून माझ्याशी हात मिळवला. बाहेर आल्यावर मी भिंतीकडे तोंड करून रडलो. कपडे घालायचे राहिले होते, हे नंतर कळलं.

'अनफिट'ची बातमी माझ्याआधी गावात पोचली होती, आणि मी घरी पोचेपर्यंत आबांनी फ्लेक्स उतरवला होता. म्हशीच्या गोठ्याच्या गळक्या छपरावर त्यांनी तो नीट ताणून बांधला. माझा चेहरा आतल्या बाजूला आला. तेव्हापासून आमची म्हैस रोज माझा सलाम घेते.

मी सरळ न्हाणीघरात गेलो. पाणी ओतलं आणि हट्टाने गप्प बसलो. गाणार नाही, म्हटलं, झालं तेवढं पुरे. बाहेर आई भांडी घासत होती. हळूहळू घासणं थांबलं. मग तिची पावलं दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. या खेपेला तिने दार ढकललं नाही.

"सांगितलंस व्हय?" तिने विचारलं.

"सांगितलं."

"समदं?"

"समदं."

तरी ती दारापासून हलली नाही. दाराखालच्या फटीतून मला तिची ओली पावलं दिसत होती. मी घसा खाकरला आणि जे शाळेत दुसऱ्या कडव्यापुढे कुणी म्हणू दिलं नव्हतं, ते गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं.