टेकडीवरचे पाच जाळ

संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत मी लग्न होऊन परळच्या चाळीत आले. नवरा गिरणीत कामाला, मोर्चात सगळ्यांच्या पुढे, त्यामुळे पोलीस त्याच्या मागावर. सासरे इतिहासाचे निवृत्त मास्तर. मुलगा हाती लागू नये म्हणून त्यांनी थेट गडकोटांचा उपाय काढला.

"एका गडावर जाळ दिसला की पुढचा गड सावध व्हायचा," ते म्हणाले. "घोडेस्वार निघण्याआधी बातमी पोचलेली!"

त्यांचे एक मित्र अँटॉप हिलच्या पायथ्याशी राहत. तिथल्या ठाण्यातून पोलिसांच्या गाड्या निघाल्या की त्यांनी टेकडीवर एक जाळ करायचा, परळकडे वळल्या तर दोन. निरोप पोचल्याची खूण म्हणून आम्ही चाळीच्या गच्चीवर जाळ करायचा.

पहिल्याच संध्याकाळी गच्चीवरून मी ओरडले, "मामंजी, दिसला!"

एकाचे दोन झाले, दोनाचे तीन. बघता बघता पाच.

"पाच? पाचाचं काही ठरलंच नव्हतं!" सासरे म्हणाले. त्यांनी घाईघाईने काडी ओढली. शेजारी वाळत घातलेली आमची गादीच पेटली.

नवरा न्हाणीघरात दडला. कुणीतरी बंब बोलावला. घंटा ऐकून बायकांना वाटलं, पोलीसच आले. त्यांनी गॅलरीतून बादल्या रिकाम्या केल्या. आग विझवायला आलेले जवान आगीपाशी पोचण्याआधीच नखशिखांत भिजले.

गर्दी बघून खरा हवालदारही आला. "कोणी पेटवलं?"

सासूबाई पुढे झाल्या. "मी. ढेकणांनी जीव खाल्ला होता."

हवालदाराचा चेहरा एकदम मऊ झाला. "आमच्या पोलीस लाइनीतही फार झालेत हो. जाळून जातात का?"

"गादीसकट जातात," सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मित्र आले. भुवया जळालेल्या. "मी तालीम म्हणून एकच लावला होता. बाकीचे वाऱ्याने लावले. गवत सुकं होतं ना."

आठवड्याने नवरा पकडला गेला, तो भरदुपारी नाक्यावरच्या न्हाव्याकडे. अर्धी दाढी झालेली, अर्ध्या गालावर फेस. न्हावी "एवढी पुरी करू द्या" म्हणत गाडीपर्यंत धावला. मी आणि सासरे तुरुंगात भेटायला गेलो, तेव्हा सासऱ्यांचे डोळे भरून आले. नवऱ्यानेच त्यांची समजूत काढली, "अहो बाबा, इथे गादी नाही, पण ढेकूण आहेत."

तिघेही इतके हसलो की पहारेकऱ्याने भेटीची वेळ संपवली.