पाण्याचा विषय

बोनकोड्याच्या गोटीरामला सरकारी खिडकीची भीती अशी कधी वाटलीच नाही. गावातली बाकीची माणसं खिडकीसमोर उभी राहिली की अर्धा वेळ घसा साफ करण्यात घालवायची. गोटीराम सरळ खिडकीत कोपर टेकवायचा आणि म्हणायचा, "बोला साहेब, काय काय कागद पायजे?" नवी मुंबईसाठी सिडकोनं जमिनी घेतल्या तेव्हा निम्म्या गावाचे दाखले त्यानं असे बोलून बोलून काढून दिले होते. स्वतः शिकला चौथीपर्यंत, तेही भरती-ओहोटी सांभाळून. ओहोटी लागली की गोटीराम वर्गात नसायचा. तो खाडीच्या चिखलात चिंबोऱ्यांच्या, म्हणजे खेकड्यांच्या, बिळात हात घालून बसलेला असायचा.

प्रकल्पग्रस्त म्हणून त्याला वाशीच्या एका ज्युनिअर कॉलेजात शिपायाची नोकरी मिळाली. घंटा द्यायची, रजिस्टर वर्गावर्गात फिरवायचं आणि काचेच्या बोर्डाचं कुलूप काढून नोटिसा लावायच्या. यातलं शेवटचं काम त्याच्या विशेष आवडीचं. कागद जरा तिरका लागलेला त्याला खपत नसे. मराठी नोटीस असली तर तो बोट फिरवत वाचायचा, इंग्रजी असली तर नुसती सरळ लावायचा.

त्याची आणखी एक खोड होती, पण ती त्याच्या एकट्याची नव्हे, खाडीकाठच्या सगळ्याच आगऱ्यांची. कुणी आपलं काम केलं की त्याच्या घरी जिताडा पोचवायचा. जिताडा म्हणजे खाडीतला राजा मासा. विकला तर चांगला भाव येतो, पण देण्यातला मान विकण्यात नाही. याला कुणी लाच म्हटलं तर गोटीराम भडकायचा. "लाच लपवून देतान. आमी जिताडा सगल्या गावासमोर खांद्याव टाकून नेतो," असं त्याचं उत्तर ठरलेलं होतं.

अशा या तोंडाळ, हौशी, मदतीला धावणाऱ्या माणसाला एकच मुलगा होता, कुंदन. थोरली रंजिता तळवलीला दिलेली. कुंदन नववीत असताना शाळेनं मुलांना नौदल दिनाला मुंबईत नेलं होतं, लढाऊ जहाज बघायला. तिथं पांढऱ्या कपड्यातल्या एका तरुण अधिकाऱ्यानं कुंदनला दुर्बिणीतून बघू दिलं. एवढंच झालं, पण पोरगा घरी आला तो वेगळाच होऊन आला. जेवता जेवता म्हणाला, "बाबा, मी नेव्हीत जानार. साधा खलाशी नाय, ऑफिसर." बारावीनंतर एनडीएची परीक्षा देऊन खडकवासल्याला जाता येतं, हे त्यानं कुठूनसं शोधून काढलं. पेपरातलं एनडीएचं चित्र कापून कपाटाच्या दारावर चिकटवलं आणि पहाटे खाडीच्या बंधाऱ्यावर धावायला लागला. गोटीराम स्टाफरूममध्ये चहाचे पेले ठेवता ठेवता प्रत्येकाला ऐकवायचा, "आमचा कुंदन नेव्हीत ऑफिसर होनार हां."

ब्याण्णव-त्र्याण्णवच्या साली कुंदन दहावी झाला. सदुसष्ट टक्के मिळाले. गणितात जरा मार खाल्ला होता, पण बापाच्याच कॉलेजात सायन्सला जागा मिळाली. आता फॉर्ममध्ये विषय निवडायचे होते. इंग्रजी, भौतिक, रसायन सगळ्यांनाच होतं. पुढं मात्र फाटे होते. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवता येत होते. नाहीतर एक भाषा आणि या दोहोंतला एक विषय सोडून त्याऐवजी दोनशे मार्कांचा धंदेशिक्षणाचा विषय घेता येत होता. कॉलेजात त्यातला एक विषय होता मत्स्यशास्त्र.

फॉर्मवरचा हा शब्द गोटीरामनं बोट फिरवत वाचला आणि त्याचा चेहराच उजळला.

"दर्यान जायाचा हाय ना? मंग दर्याचाच विषय घेवाला पायजे," तो म्हणाला. "भरती कवा, ओहोटी कवा, पानी कसा फिरतं, जाला कसा टाकायचा. नेव्हीवाले दुसरा काय इचारतील?"

कुंदन म्हणाला, "पन बाबा, गनित ठेवू का? सोडाया नको वाटतं."

"गनितान तुना किती मार्क परले?"

पोरगा फॉर्मचं पान उलटायला लागला. खरं सांगायचं तर गणित सुटलं याचा त्यालाही आतून थोडा आनंदच झाला असावा. दहावी झालेलं पोर ते, त्याला कोण दोष देईल?

मत्स्यशास्त्र शिकवायला हौसेराव सर होते. ते मूळ देशावरचे, डिग्री घेईपर्यंत त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता. गोटीरामनं त्यांनाही विचारलं, "सर, नेव्हीला ह्यो विषय चालंल ना?" सरांच्या तुकडीत जागा रिकाम्या होत्या आणि ते त्या वेळी वर्गावर निघाले होते. चालता चालताच म्हणाले, "समुद्राचं ज्ञान नेव्हीला नको असतंय व्हय? घ्या की. गणित सोडा, जीवशास्त्र राहू द्या." त्यांच्या मनात कपट नव्हतं. त्यांना माहीत नव्हतं, आणि माहीत नाही एवढं म्हणायचं राहून गेलं.

ऑफिसात फॉर्म देताना क्लार्क सुभाषनं कुंदनकडं बघून विचारलं, "गणित सोडायचंय? नक्की?" कुंदननं तोंड उघडलं होतं. पण कोपर टेकवून गोटीराम आधीच बोलत होता, "नक्की म्हंजे? पक्का! आमी पान्यातलीच मानसं. लिवा, मत्स्यशास्त्र." सुभाषनं लिहिलं. पुढच्या रविवारी गोटीराम तीन किलोचा जिताडा खांद्यावर टाकून हौसेराव सरांच्या घरी गेला, पोराला चांगला विषय दिला म्हणून.

अकरावीचं वर्ष आनंदात गेलं. मत्स्यशास्त्रात कुंदन पहिला यायचा. प्रॅक्टिकलला मुलं खाडीवर जायची तेव्हा सरच कुंदनला विचारायचे, ही कोळंबी कुठली आणि हा निवटा मासा चिखलातल्या बिळात कसा शिरतो. गोटीरामला वाटायचं, आपला हात लागला म्हणून पोराचं आयुष्य मार्गाला लागलं. असं वाटून घेण्यात ते वर्ष गेलं.

चौऱ्याण्णवच्या जूनमध्ये एनडीएच्या परीक्षेची नोटीस आली. इंग्रजी होती. गोटीरामनं चारी कोपऱ्यांना टाचण्या लावून ती बोर्डावर लावली, काच पुसली, कुलूप घातलं. मधल्या सुट्टीत पोरांची गर्दी झाली आणि घंटा झाल्यावर पांगली. कुंदन तिथंच उभा राहिला. गोटीराम कौतुकानं जवळ गेला.

"काय लिवलाय रं?"

कुंदननं काचेवर बोट टेकवलं. त्या बोटाचा ठसा काचेवर उमटला. "बाबा, नेव्हीला फिजिक्स आनि मॅथ्स लिवलाय. बारावीला दोनी पायजे."

"आनि मासली?"

"मासली नाय लिवली."

गोटीरामनं त्या कागदाकडं बघितलं. कागद अगदी सरळ लागला होता.

गणिताच्या मालतीबाईंकडं तो दुसऱ्या दिवशी गेला, जिताडा घेऊनच. बाईंनी तो बघितला आणि म्हणाल्या, "गोटीराम, हा घरी घेऊन जा. मी काय केलंय अजून?" मग त्याला खुर्चीवर बसायला सांगून त्यांनी सगळं समजावलं. विषय आता बदलता येणार नाही, बारावी सुरू झाली. लष्कराला कुठलेही विषय चालतात, पण लेखी परीक्षेत गणिताचा आख्खा पेपर असतो, आणि अकरावीत गणित न केलेला मुलगा तो डिसेंबरात कसा सोडवणार? एक वाट मात्र आहे. कुंदननं बारावी द्यावी, मग वर्षभर घरी बसून गणिताची तयारी करावी आणि तो एकच विषय बाहेरून द्यावा. एनडीएची पुढच्या डिसेंबरची परीक्षा त्याच वर्षात देता येईल. "फुकट शिकवीन मी त्याला," बाई म्हणाल्या. "उशीर झालाय, पण फार नाही."

फार नाही, या दोन शब्दांवर गोटीरामनं वर्ष काढलं. कॉलेज सुटल्यावर कुंदन मालतीबाईंच्या घरी जायचा. सुरुवातीला रडकुंडीला यायचा, मग त्याला गणित कळायला लागलं, मग आवडायला लागलं. बाई एकदा गोटीरामला जिन्यात गाठून म्हणाल्या, "अहो, डोकं चांगलंय त्याचं. दहावीत कुणी नीट शिकवलंच नव्हतं." हे ऐकून गोटीरामला आनंद व्हायला हवा होता. त्याला फॉर्म देतानाचं आपलं बोलणं आठवलं.

पंच्याण्णवच्या जूनमध्ये पुढची नोटीस आली. या वेळी त्यानं ती बोर्डावर लावली नाही. आधी बाईंकडं नेली. "बाई, एकेक अक्षर वाचा. काय काय पायजे सगला सांगा."

बाईंनी वाचलं. विषय ठीक होते. मग त्या एका ओळीवर थांबल्या. "जन्म दोन जुलै सत्याहत्तरच्या आधीचा नको. ते काय, कुंदन लहानच आहे. त्याची तारीख काय?"

"खरी का शालंतली, बाई?" गोटीरामनं विचारलं.

कुंदनचा जन्म अठ्ठ्याहत्तरचा, नवरात्रातला. साडेचार वर्षांचा होता तेव्हा गोटीराम आणि त्याची बायको यशोदाबाई दोघंही मिठागरावर कामाला जायची आणि रंजिता शाळेत. पोराला सांभाळायला कुणी नव्हतं. एकदा ते मिठाच्या वाफ्यात पडून पायाची सालं काढून घेऊन आलं, तेव्हा यशोदाबाईच म्हणाली, "शालंन टाका त्याला, एका जागी बसंल तरी." पण शाळेत सहा वर्षं पुरी लागायची. गुरुजींनी पोराकडं बघून म्हटलं, हा फार लहान दिसतो. गोटीराम म्हणाला, "दिसतं बारीक, पन सहा पुरी झाली गुरुजी. मी बाप हाय त्याचा, मना ठाव नाय?" गुरुजींनी निम्म्या गावाची जी तारीख लिहिली होती तीच लिहिली, एक जून, साल सत्याहत्तर. संध्याकाळी त्यांच्या घरी चिंबोऱ्यांची टोपली पोचली.

बाईंनी शाळेचा दाखला मागवून बघितला. एका महिन्यानं कुंदन वयाच्या अटीबाहेर जात होता. मुळात सतरा वर्षांचंही न झालेलं पोर कागदावर म्हातारं झालं होतं.

"बाई, मी बोलतो ना साहेबांशी," गोटीराम म्हणाला. "मी सांगतो, मी खोटा बोललो व्हतो. मना जेलमदी टाका. पोऱ्याची तारीख नीट करा."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दहावीच्या सर्टिफिकेटवरची तारीख धरतात हो. ती त्यांच्यासाठी शेवटची." मग म्हणाल्या, "मीच मागच्या वर्षी विचारायला हवं होतं." पण तसं म्हणून काही होणार नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.

घरी कुंदन ओटीवर बसून गणितं सोडवत होता. गोटीरामनं उभ्याउभ्याच सांगून टाकलं. आतून यशोदाबाई बाहेर आली आणि कपाळावर हात मारून घेत खाली बसली. "मीच बोललू व्हती शालंन टाका म्हनून," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. कुंदन ओरडला असता, वही फेकली असती, बापाला चार शिव्या दिल्या असत्या तर गोटीरामला सोसलं असतं. त्यानं हातातलं उदाहरण पुरं केलं, उत्तराखाली दोन रेघा मारल्या आणि पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी तपकिरी कव्हर घालून मालतीबाईंची पुस्तकं परत केली. पहाटेचं धावणं बंद झालं. कपाटावरचं चित्र कुणी काढलं नाही, पण त्या कपाटाकडं घरात कुणी बघेनासं झालं.

गोटीराम कॉलेजात जात राहिला. स्टाफरूममध्ये कुणी "काय गोटीराम, आमच्या ऑफिसरचं काय?" म्हटलं की पेले उचलून निघून जायचा. गावातली माणसं कागद घेऊन यायची, चल जरा खिडकीवर म्हणायची. तो म्हणायचा, "मना नाय समजत त्यातला." लोकांना वाटलं, नोकरीवाला झाला, माज आला.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर बाप-लेक बेलापूरला गेले, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये कुंदनचं नाव नोंदवायला. रांग सरकत सरकत नंबर आला. जुन्या सवयीनं गोटीरामनं खिडकीत कोपर टेकवलं. "बोला साहेब, काय काय..."

कुंदननं त्याचा दंड धरून हळूच मागं घेतला. "बाबा, तू नको बोलू. मी बोलतो."

आवाजात राग नव्हता. गोटीराम बाजूला झाला.

"जन्मतारीख?" आतला माणूस म्हणाला.

"एक जून सत्याहत्तर."

"बारावी सायन्स. गणित नाही?"

"नाय. मत्स्यशास्त्र."

आतल्या माणसानं मान वर करून बघितलं. जरा हसून म्हणाला, "असा विषय कुणी घेत नाही बघ. घरच्यांनी घ्यायला लावला काय रे?"

मागं बाप उभा आहे हे कुंदनला माहीत होतं.

"नाय साहेब," तो म्हणाला. "माझा मीच घेतला."

गोटीराम भिंतीशी असलेल्या बाकावर जाऊन बसला. आतल्या माणसानं आणखी काय काय विचारलं, ते त्याला ऐकू आलं नाही.