माझ्या भाराचा गूळ

देवावर माझा विश्वास होता, पण वजनकाट्यावर त्याहून जास्त होता, हे आधीच कबूल करते. एकशे बारा किलोंची झाल्यावर मी नागपूरला पोट लहान करायची शस्त्रक्रिया करून घेतली. पंचेचाळीस किलो उतरले, आणि सिंदी मेघेच्या आमच्या घरात न्हाणीजवळ काटा कायमचा बसला. सकाळी आधी त्याचं दर्शन, देवपूजा नंतर.

दोन वर्षांनी दिवस राहिले. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, आता वजन उतरवायचं नाही. पोट लहान आहे तर दर दोन तासांनी वाटीभर खा, डाळ, उसळ, अंडं खा, गोळ्या चुकवू नका. मी मान डोलवायची. पण काटा अर्धा किलो वर सरकला की माझा जीव घाबरा व्हायचा, आणि संध्याकाळची वाटी शेजारच्या शेळीला जायची. शेळी चांगली बाळसेदार झाली. सातव्या महिन्यात सोनोग्राफीचा कागद बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाची वाढ मागे आहे, पंधरा दिवसांनी पुन्हा बघू. ऑटोत मी रडत आले, आणि घरी येऊन पुन्हा काट्यावर उभी राहिले. इतकी मी वेडी होते.

सासूबाई वडनेरला भाजीचा मळा सांभाळतात. बाळाची चाहूल लागली तेव्हाच त्यांनी गावच्या मारोतीला नवस बोलला होता, सातव्या महिन्यात सुनेच्या भाराचा गूळ वाहीन. स्वतःच्या बाळंतपणांच्या अंदाजाने त्यांनी ढेपा मागवून ठेवल्या होत्या. शनिवारी आम्ही पोचलो तर देवळाच्या मंडपात वांगी तोलायचा मोठा तराजू टांगलेला, आणि बघायला अर्धं गाव.

मी पारड्यात बसले. गुळाचं पारडं खाली गेलं आणि मी वर जाऊन लटकले. असं माझं जन्मात झालं नव्हतं. खरं सांगते, क्षणभर आनंदच झाला. ह्यांनी एक ढेप काढायला हात घातला, तेवढ्यात पायरीवर फुटाणे विकत बसलेली एक अनोळखी म्हातारी उठून आली.

"ढेप काऊन काढून राह्यला बावा?" ती ह्यांना म्हणाली. "देवाचं बराबर हाये, पोरीचंच कमी हाये." मग माझ्याकडे बघून हळूच, "उपाशी राहून राह्यली का वं माय?"

सगळ्यांसमोर, लटकल्या लटकल्या, मी रडत शेळीचं सांगून टाकलं. पुजारीबुवा गोंधळून प्रसादाचा गूळ घेऊन पुढे आले. शस्त्रक्रियेपासून गोड खाल्लं की मला घाम फुटायचा, छाती धडधडायची. म्हातारीने त्यांना हातानेच थांबवलं आणि माझ्या ओंजळीत फुटाणे ठेवले. "एक एक दाना चाव. सरले का थोड्या वेळानं अखीन घेजो." हेच डॉक्टरीणबाई सात महिने सांगत होत्या, पण त्यांच्यापुढे मी लटकत नव्हते. फुटाणे संपवून वर पाहिलं तर पायरी रिकामी होती. दुसऱ्या गावी गेली असेल, असं सगळे म्हणाले. मी वाद घालत नाही. तिला मनातल्या मनात रोज नमस्कार करते.

सासूबाईंनी ढेपा देवळातच झाकून ठेवल्या. "एकबी कमी करायची नाई. लेकरू झालं का त्याले घेऊन बसजो." आणि आमच्याबरोबर घरी येऊन माझा काटा उचलून त्यांनी मळ्यावर नेला. आता त्यावर लसूण तोलतात. घरी मात्र दर दोन तासांनी त्यांचा फोन, "खाल्लं का वं?" पंधरा दिवसांनी डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसल्या.

मुलगी झाली. बाळंतपणात डिंकाचे लाडू आले ते बोराएवढे, गूळ नावापुरता. माझ्या वजनाचा आकडा आता डॉक्टरीणबाई बघतात, मी वाटी रिकामी करते. आपल्या हाताबाहेरचं दुसऱ्याच्या हाती सोपवलं की भूकसुद्धा नीट लागते, हे मला फार उशिरा कळलं.

लेक तीन महिन्यांची झाल्यावर तिला मांडीवर घेऊन मी पुन्हा त्या पारड्यात बसले. दांडी डुलायला लागली. मी डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा देवाला म्हटलं, मारोतीराया, माझं पारडं खाली जाऊ दे. हळूच माझे पाय जमिनीला टेकले.

"आना रे," सासूबाई म्हणाल्या, "अखीन एक ढेप आना."