फाटका हातमोजा

मांजलपूरला एक गुजराती कारागीर पिस्टनवर घर्षण कमी करणारा काळा थर चढवतो. हात सर्जनसारखे वर धरून बोलतो, दार कोपरानं ढकलतो. धुतलेल्या पिस्टनला उघडं बोट लागलं, तर तेवढ्या तेलकटपणानंही थर पुढे इंजिनात सुटतो, म्हणे.

माझ्या स्कूलव्हॅनचे चार पिस्टन तयार होते. मेकॅनिक इंजिन उघडून बसलेला, सोमवारी शाळा सुरू. पिस्टन गुंडाळताना कारागीर थांबला.

"बेन, कालचा हातमोजा फाटका निघाला. एकाला बोट लागलं असेल."

"कुठल्या?"

"तेच ठाऊक नाही."

"दिसत तर काहीच नाही!"

"दिसणारही नाही. छोकरां बसतात ने गाडीत?"

त्यानं चारही पिस्टन थर उतरवायला आत नेले. सोमवारी व्हॅन येणार नाही हे कळवायला मी पहिल्या पालकांना फोन लावला.